एक वॅट, चार भिंती आणि शेजारची आजी

घरात नवीन होम थिएटर आलं की बघायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती वॅटचा?" लग्नात मुलाचा पगार विचारतात ना, अगदी तसा. आणि उत्तरही तसंच फुगवलेलं! खोक्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत '१०,००० वॅट पीएमपीओ' असं छापलेलं असतं, आणि आपण इंजिनिअरिंगची पोरं, ज्यांनी ओहमचा नियम आठवीपासून घोकलाय, तेसुद्धा "वा!" म्हणून मोकळे होतो. कुणीतरी खोका उलटा करून अ‍ॅडॅप्टर बघावा. त्यावर लिहिलेलं असतं १२ व्होल्ट, २ अ‍ॅम्पिअर. म्हणजे भिंतीतून आत येणार २४ वॅट आणि बाहेर पडणार दहा हजार! असं मशीन खरंच असतं तर घणसोलीतलं लोडशेडिंग माझ्या बाबांच्या तरुणपणीच संपलं असतं.

पीएमपीओ या आकड्याला कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही, कंपनी म्हणेल तो आकडा. अजूनही स्वस्त मालाच्या खोक्यांवर तो दिसतो, आणि अजूनही तो बघूनच माल खपतो. पण माझा राग कंपन्यांवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. आपण 'वॅट' या शब्दाचा अर्थच विसरलोय.

जरा हिशोब करूया, कंटाळू नका. साधारण बरा, छोटा बुकशेल्फ स्पीकर घ्या. त्याची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल असते, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी. म्हणजे दोन मीटरवर बसलात तर ८०. स्पीकर दोन आहेत, वर भिंतींवरून परत येणारा आवाज, म्हणजे आणखी थोडा जास्तच. आता समोरासमोर बसून आपण गप्पा मारतो तो आवाज साधारण ६० डेसिबल. तेव्हा ८० हा काही छोटा आवाज नाही, आई स्वयंपाकघरातून "बारीक कर!" ओरडेल असाच आहे. आणि हे सगळं एका वॅटमध्ये! वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. १० बाय १२ च्या खोलीत २० वॅटचा खरा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे भरपूर झाला. सिनेमा हॉलमध्ये मोठ्या धमाक्याला एकेका चॅनेलवर १०५ डेसिबलपर्यंतची सोय ठेवतात हे खरं, पण तो हॉल असतो. आपल्या खोलीत तेवढा आवाज करणाऱ्याला डॉक्टरकडे न्यावं, दुकानात नाही.

हे सगळं सांगायचं कारण, स्पीकर स्वतः बनवणं हा माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात सुंदर छंद आहे, आणि तो 'अपग्रेड' नावाच्या रोगाने खाऊन टाकलाय.

आधी सुंदर का, ते सांगते. आज आपण जो स्पीकर वापरतो, चुंबक, त्यात फिरणारी कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी कोन, तो राइस आणि केलॉग या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये मांडला. शंभर वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. मोबाईल दर वर्षी जुना होतो, स्पीकर होत नाही. चोर बाजारातून आणलेल्या जुन्या वूफरचा फोम गळून गेला असेल (आपल्या दमट हवेत तो गळतोच), तर नवीन फोम चिकटवून तो पुन्हा वाजतो. आमच्याकडे डीजेचे स्पीकर रिपेअर करणारे असतात ना, हळदीचा सिझन संपला की त्यांच्याकडे जळालेल्या कॉइलींचा ढीग लागतो, त्यांना हे काम डोळे मिटून येतं. कोन, कॉइल, स्पायडर... माझी अर्धी शब्दसंपत्ती त्यांच्याकडची आहे. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला 'लाउडस्पीकर' एवढंच माहीत होतं. घरी आजी 'कर्णा' म्हणते, गावातली पोरं 'बॉक्स' म्हणतात, आणि मराठीच्या पुस्तकात 'ध्वनिक्षेपक'. मला विचाराल तर 'बॉक्स' हाच शब्द सगळ्यात बरोबर आहे, कारण खरी इंजिनिअरिंग बॉक्समध्येच आहे.

कशी, बघा. नुसता वूफर हातात धरून वाजवला तर बेस येत नाही, कारण कोन पुढे जाताना पुढची हवा दाबतो आणि मागची सैल करतो, दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मागची बाजू बंद करायची. पण किती मोठ्या खोक्यात? पूर्वी हे अंदाजाने चालायचं. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी दाखवलं की छोट्या, हवाबंद खोक्यातली कोंडलेली हवाच कोनासाठी स्प्रिंगचं काम करू शकते. मग नेव्हिल थिएल या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ मध्ये आणि नंतर सिडनीत शिकणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा सगळा प्रकार आपल्या फिल्टर थिअरीसारखा मांडला. स्पीकर म्हणजे एक हायपास फिल्टर! त्याचे तीन आकडे कळले की खोक्याचं माप कागदावर निघतं.

उदाहरण घ्या. वूफरचा क्यूटीएस ०.४, व्हीएएस २० लिटर, एफएस ४५ हर्ट्झ. आपल्याला सपाट रिस्पॉन्स हवा, म्हणजे खोक्यासकट क्यू ०.७०७ हवा. (हा ०.७०७ ओळखीचा वाटतोय? बटरवर्थ! ज्यांनी फिल्टरचं युनिट ऑप्शनला टाकलं त्यांनी इथे थोडी लाज वाटून घ्यावी.) ०.७०७ ला ०.४ ने भागा, वर्ग करा, ३.१२ येतात. त्यातून एक वजा केला की २.१२. वीस लिटरला २.१२ ने भागलं की खोका साडेनऊ लिटरच्या जरा खाली. आतून १८ बाय १९ बाय साडेसत्तावीस सेंटिमीटर. खोक्यासकट रेझोनन्स ८० हर्ट्झच्या जवळ. आणि होम थिएटरमध्ये सबवूफरकडे आवाज सोपवायची नेहमीची सीमा किती? ८० हर्ट्झ! पहिल्यांदा हे गणित जुळलं तेव्हा मला एम-थ्री सुटल्याचासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

मग सुताराकडे जायचं. १८ एमएमचा एमडीएफ किंवा चांगला प्लाय. गावातला सुतार आधी विचारतो, "देव्हारा का?" वूफरसाठी गोल कापायचा म्हटलं की, "मग देव कुठे ठेवनार?" असो. फेविकॉल, स्क्रू, आतून एक आडवी पट्टी, आणि बोटाने टकटक करून बघायचं. पोकळ आवाज आला तर खोकाच गाणं म्हणणार, स्पीकर नाही. क्रॉसओव्हरची कॉइल मोटर रिवाइंडिंगवाल्याकडच्या तांब्याच्या तारेने गुंडाळता येते. ८ ओहम आणि ३ किलोहर्ट्झ धरलं तर ट्वीटरला साधारण ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वूफरला ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल. हे बेसिकच आहे, आणि बेसिकने सगळं भागत नाही, कारण स्पीकरचा ८ ओहम हा फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलत राहतो. पण सुरुवात तिथूनच होते.

बाकी सामान लॅमिंग्टन रोडवर. घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नला ग्रँट रोड. १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव त्या रस्त्याला होतं, नंतर अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, पण कपॅसिटर घ्यायला जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारचं प्रॅक्टिकल... जाऊ दे, स्टाफही हे वाचतो. एवढंच सांगते की मुलगी दिसली की काउंटरवर "भावासाठी का?" हे अजूनही विचारतात. आयसी घेताना डोळे उघडे ठेवा, ओळखीच्या नंबरांच्या नकली आयसीही मिळतात. टीडीए २०३० हा जुना, स्वस्त, १४ वॅटच्या आसपास देणारा आयसी नवशिक्याला उत्तम. तो जळला तरी मन जळत नाही.

आता रोगाबद्दल.

बॉक्स तयार होतो, वाजतो, आठवडाभर आनंद. नवव्या दिवशी कुणीतरी मित्र येतो आणि म्हणतो, "केबल कुठली आहे?" संपलं! इथून माणूस बनवणारा राहत नाही, विकत घेणारा होतो. तांब्याची १ स्क्वेअर एमएमची इलेक्ट्रिशियनची वायर तीन मीटर घ्या. जाऊन-येऊन सहा मीटर, रेझिस्टन्स ०.१ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे त्याने होणारा लॉस ०.११ डेसिबल. साध्या गाण्यात एका डेसिबलचा फरक ओळखतानाही बहुतेकांचे कान गोंधळतात. आणि तरी हजारो रुपयांची केबल घेऊन "बेस ओपन झाला" म्हणणारे आहेत. बेस ओपन झाला नाही राव, पाकीट ओपन झालं! मग अ‍ॅम्प बदल, मग रिसीव्हर बदल, ५.१ चे ७.१ कर, २०१२ ला सिनेमागृहात अ‍ॅटमॉस आलं म्हणून छताला दोन स्पीकर टांग. खोली तीच, १० बाय १२.

अमर बोस यांची गोष्ट इथे आठवते. १९५६ मध्ये एमआयटीत शिकत असताना त्यांनी कागदावर उत्तम स्पेसिफिकेशन असलेली स्टिरिओ सिस्टिम आणली आणि ऐकून त्यांचा विरस झाला. स्वातंत्र्य चळवळीतून अमेरिकेत गेलेल्या बंगाली बापाचा हा मुलगा. तो त्याहून महाग सिस्टिम आणायला गेला नाही. स्पेसिफिकेशन एवढं चांगलं असून कानाला वाईट का वाटतं, हे शोधत बसला, आणि १९६४ मध्ये त्यातून कंपनी निघाली. रे डॉल्बींचंही तसंच. ते १९६३ ते ६५ युनेस्कोतर्फे आपल्याकडे चंडीगढला सल्लागार होते, आणि टेपवरची खरखर कमी करण्याच्या पद्धतीवर त्याच काळात विचार करत होते. १९६५ ला त्यांनी लंडनला डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. आज ज्यांचा लोगो बघून आपण टीव्ही घेतो, त्या दोघांची सुरुवात 'हे असं का वाजतंय?' या प्रश्नाने झाली. 'यापेक्षा महाग काय आहे?' हा प्रश्न त्यांनी विचारल्याचं कुठे वाचलं नाही.

माझं मत असं की पैसे घालायचेच तर आधी खोलीत घाला. त्यात पैसे लागतही नाहीत, ही गोष्ट दुकानदार सांगणार नाही.

आमच्या घणसोली गावातली खोली कशी असते? गावठाणातली जुनी कौलारू घरं गेली, तिथे चार-चार मजले उभे राहिले. चारी बाजूंनी प्लास्टर, खाली टाइल्स, वर आरसीसी स्लॅब, एका कोपऱ्यात लोखंडी कपाट. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, टर्रर्र असा आवाज परत येतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. या लांबीत अर्धी लाट बरोब्बर बसते ती ४७ हर्ट्झची. १० फुटात ५६ ची. ९ फूट उंचीत ६३ ची. म्हणजे खोली स्वतःच या तीन सुरांत घुमते! सिनेमात ढोल वाजो की ट्रक जावो, ऐकू येणार तोच तो 'घूंऽऽ'. मग आपण म्हणतो सबवूफर बेकार आहे आणि मोठा आणतो. तो आणखी मोठ्याने घूं करतो. जुन्या कौलारू घरात आवाज चांगला लागायचा असं म्हातारी माणसं म्हणतात, त्यात नुसतं स्मरणरंजन नाही. मातीची भिंत, शेणाची जमीन, कौलांच्या फटी... बेस अडकायला जागाच नव्हती, निघून जायचा.

उपाय घरातच आहे. अंथरुणांचा ढीग! आपल्याकडे गाद्या-गोधड्यांची चळत पलंगावर किंवा खोलीच्या एका कडेला असते. ती कोपऱ्यात सरकवा, आणि स्पीकरसमोरच्या भिंतीला एक जाड गोधडी लावा. पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर फारच छान. गोधडीने बेस जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा. ४७ हर्ट्झची लाट सात मीटरच्या वर लांब असते, तिला गोधडी म्हणजे चिलट. पण टर्रर्र जातो आणि संवाद स्वच्छ होतात. बेससाठी सबवूफरची जागा बदलायची. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, एखादं बेसचं गाणं चालू करायचं आणि भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे बेस नीट, एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. घरचे हसतात, हसू दे. मोजायची हौस असेल तर 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि खोक्याच्या गणितासाठी 'विनआयएसडी'ही.

आणि ऐकायचं काय? धमाकेच कशाला? तबला ऐका. डग्ग्याची घुमक आणि चाटीचा सूर दोन्ही एकाच वेळी नीट वाजले तर तुमचा क्रॉसओव्हर जमला. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं होतं की तबला-मृदंगाच्या शाईमुळे त्यांचे ओव्हरटोन सुरेल पटीत येतात, जे साध्या चामड्याच्या ढोलात येत नाहीत. त्यामुळे स्पीकर बेसूर असेल तर तबला लगेच चुगली करतो. सिनेमाच हवा तर 'किल्ला'मधला कोकणातला पाऊस लावा. नाहीतर २०१६ चा 'सैराट'. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टेजवर रेकॉर्ड केला होता. आपण 'झिंगाट'वर नाचतो आणि बाकी गाण्यांतली व्हायोलिन्स मोबाईलच्या स्पीकरवर वाया घालवतो.

आता अवघड भाग. शेजार.

आमच्या गल्लीत एका मुलाने १२ इंची सबवूफर बसवला. भिंत कॉमन. पलीकडच्या आजींनी त्याला जे सांगितलं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय: "पोरा, गानं नाय ऐकू येत, नुसती भित हालते." अकूस्टिक्सच्या कुठल्याही पुस्तकात 'मास लॉ' इतक्या थोडक्यात सांगितलेला नाही! भिंत आवाज अडवते ती तिच्या वजनाने, आणि फ्रिक्वेन्सी अर्धी झाली की अडवणं ६ डेसिबलने कमी होतं. १६०० हर्ट्झपासून ५० हर्ट्झपर्यंत पाच वेळा निम्मं होतं, म्हणजे थिअरीने ३० डेसिबल. तीच भिंत गायकाचा आवाज गिळते आणि बेस सोडून देते. म्हणून आपल्याला सुंदर गाणं आणि आजीला नुसता धडधडाट. त्या आजींचा मुलगा एमआयडीसीत नाइट शिफ्ट करतो, दिवसा झोपतो. त्याला दिवसा ३ वाजता पडणारा धक्का कुठल्या नियमात बसवायचा?

नियम आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. खाजगी साउंड सिस्टिमचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. पण गंमत पुढे आहे. हे डेसिबल 'ए' वेटिंगचे! १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो. 'ए' वेटिंग त्याच धर्तीवर आहे, म्हणून मीटर ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी दाखवतो. म्हणजे ५० हर्ट्झला भिंत ३० डेसिबल जास्त सोडते आणि मीटर ३० डेसिबल लपवतो. कागदावर सगळं कायदेशीर, आणि आजीची भिंत हलतेय ती हलतेच! मीटरवर 'सी' वेटिंगचं बटण असतं, त्यावर मोजा, मग कळेल.

यावर गावातलं ठरलेलं उत्तर असतं, "हळदीला डीजे वाजतो तेव्हा कुणी बोलत नाही!" वाजतो, आणि माझ्या मते तोही फार वाजतो, हे लिहून मी घरी ओरडा खाणार आहे. पण हळद वर्षातून चार दिवस, आणि तिथे आजी स्वतः नाचायला पहिली असते. तुमचा सबवूफर रोजचा, आणि आजीला कुणी विचारलेलं नाही. दोन्हीत हा फरक आहे, आणि तो डेसिबलचा नाही.

आता जे मला खरं म्हणायचंय ते. या सेमिस्टरला हॉस्टेलवर नोटीस लागली, सगळे स्पीकर जमा करा. परीक्षेच्या दिवसांत रात्री २ वाजता कॉरिडॉर हादरवणारे होते, त्यामुळे रेक्टर सरांचा राग मला समजतो. पण जप्तीत काय गेलं? ब्लूटूथ स्पीकर आणि सबवूफरवाले पीसी सेट तर गेलेच, पण आमच्या विंगमधल्या दोघींनी हाताने केलेले दोन छोटे बॉक्सही गेले, ज्यांचा बेस ८० हर्ट्झखाली पडतो आणि जे २ वॅटवर वाजतात. आवाज करणारा आणि आवाज शिकणारा, दोघांना एकच शिक्षा! बंदी घालायचीच तर रात्री १० नंतर सबवूफरवर घाला, पूर्ण घाला, मी स्वतः सही गोळा करून देते. रूमच्या बंद दाराबाहेर 'सी' वेटिंगवर मोजा आणि जो आकडा ठरवाल तो पाळायला लावा. मीटर नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांकडून बनवून घ्या, माइक आणि फिल्टरचंच तर काम आहे.

आणि स्टाफला एक विनंती. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी लाकडाचा लॅप जॉइंट केला. घासला, सरांनी काटकोन लावून बघितला, मार्क दिले, आणि तो जॉइंट भंगारात गेला. त्याच लाकडात, त्याच तासांत प्रत्येक बॅचने एक साडेनऊ लिटरचा खोका केला असता तर? कारपेंट्री झाली. सोल्डरिंग झालं. दुसऱ्या वर्षी नेटवर्क्समध्ये त्याच खोक्यासाठी क्रॉसओव्हर, तिसऱ्या वर्षी त्याचाच रिस्पॉन्स मोजून डीएसपीत दुरुस्त करायचा. शेवटच्या वर्षाचे किती प्रोजेक्ट दुकानातून तयार येतात हे आपण सगळेच जाणतो आणि बोलत नाही. हाताने केलेल्या खोक्याला दुकानाची पावती लागत नाही, आणि त्यात फसवताही येत नाही, कारण तो वाजवून दाखवावा लागतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड शिकलेले रसूल पूकुट्टी २००९ मध्ये ऑस्कर घेऊन आले. आपल्याकडे साउंड म्हटलं की जप्ती आठवते.

वर्कशॉप शनिवारी दुपारी तीन तास उघडं ठेवावं, एवढीच मागणी आहे. करवत आणि ड्रिल वापरताना अटेंडंट काका समोर असतील, ट्रान्सफॉर्मरची जोडणी सर बघितल्याशिवाय मेनला लागणार नाही, हे आम्ही लिहून देऊ. (२३० व्होल्टशी खेळ नको, हे मी मुलींच्या हॉस्टेलवर सगळ्यांना सांगत असते, तिथे एक्स्टेन्शन बोर्डाची जी अवस्था आहे त्यावर वेगळा लेख होईल.) लाकूड, स्पीकर, आयसी आमच्या पैशाने.

तोपर्यंत रेक्टर सरांना एक छोटी गोष्ट सांगायची आहे. जमा केलेले बॉक्स ऑफिसच्या मागच्या खोलीत खाली फरशीवर ठेवलेत. ते एमडीएफचे आहेत, आणि पावसाळ्यात त्या खोलीत पाणी येतं. एमडीएफ ओला झाला की बिस्किटासारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. निदान दोन विटांवर तरी ठेवावेत. विटा आम्ही आणून देतो.